माशाचे डोळे

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडची मंडळी 'छाणीला' राहतात असं मध्यस्थांनी सांगितलं आणि आमच्या आईनं ते 'शाणीला' असं ऐकलं. आईचं माहेर कन्नड. 'शाण्या' हा शब्द आपल्या भागात दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळं लेक शाण्या माणसांच्या गावात पडली म्हणून आई बरेच दिवस खुशीत होती. पुढं पत्रिकेवर खरं नाव छापून आलं, तरी तिनं शेवटपर्यंत गावाला शाणीच म्हटलं.

छाणी म्हणजे बडोद्याच्या उत्तरेचं, अहमदाबादच्या वाटेवरचं गाव. आता ते शहरातच मिसळून गेलंय. जुन्या गावात जैनांची वस्ती. या एका गावातून इतक्या जणांनी दीक्षा घेतली की जैन समाजात छाणीचं नाव आदरानं घेतलं जातं. बाहेरच्या अंगाला खताचा मोठा कारखाना, त्याची फर्टिलायझरनगर वसाहत, गोदामं आणि पत्र्याच्या छोट्या छोट्या शेड. अशाच एका शेडमध्ये माझा भाचा लोखंडी वस्तूंना स्प्रे पेंटिंग करून देतो. विजेच्या पॅनेलच्या पेट्या, पंपांची कव्हरं, मशिनांचे गार्ड. शेड भाड्याची, कामाला तिघं, आणि हिशेब ठेवायला आमची ताई.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीला जोडून मी चार दिवस रजा काढली आणि तिकडं गेलो. बडोद्याचा गरबा बघावा, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन बघावं, असा बेत होता. इतिहासाचा मास्तर दुसरं काय बघणार? पण तिसऱ्या माळेला दारात पाऊल टाकलं तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. दाजी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. ताई म्हणाली, "अरे, साठ पेट्या दिल्या होत्या. त्यातल्या बावीस परत आल्या. आणि दिवाळीच्या आत दोनशे द्यायच्या आहेत."

परत आलेली पेटी मी हातात घेतली. फिकट करडा रंग, चांगला गुळगुळीत, आणि मधेच बारीक बारीक गोल खड्डे. ज्वारीच्या दाण्याएवढे. कडेला रंगाची गोल वरंबी आणि मधे खालचा प्रायमर दिसतोय. वाचकहो, कारखान्यातली मंडळी याला 'फिश आय' म्हणतात. माशाचा डोळा! कन्नडमध्ये 'मीनिन कण्णु' म्हणा. नाव सुंदर आहे, पण ज्याच्या मालावर हे डोळे उघडतात त्याची झोप जाते.

भाच्याच्या मते गुन्हेगार ठरलेला होता. पंचमहालकडचा एक विशीतला मुलगा त्याच्याकडं गन चालवतो. हात अतिशय साफ. पण नवरात्र लागल्यापासून हा गडी रोज रात्री गरब्याला जाणार, केस चापूनचोपून बसवणार आणि सकाळी तसाच कामावर येणार. "मामा, याच्या डोक्यातल्या त्या जेलमुळंच होतंय सगळं. सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगणार आहे." मुलगा कोपऱ्यात उभा राहून पाणीपेपर घासत होता. एवढंच म्हणाला, "साहेब, तेल नथी नाख्युं." तेल लावलेलं नाही.

भाच्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. रंग पत्र्यावर पडला की त्यानं सगळीकडं सारखं पसरायचं असतं. त्या जागी तेलकट असं काही असेल तर रंग तिथं बसत नाही, चहूबाजूंनी मागं सरकतो आणि खड्डा पडतो. सगळ्यात वाईट सिलिकॉन. द्रवाच्या पृष्ठभागाला जो ताण असतो तो पाण्याच्या बाबतीत सुमारे ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, तर सिलिकॉन तेलाचा जेमतेम २०-२१. रंगाचा ताण या दोहोंच्या मधे. त्यामुळं सिलिकॉनचा डोळ्याला न दिसणारा एक कणसुद्धा रंगाला दूर लोटायला पुरतो. आणि हे सिलिकॉन केसांच्या सीरममध्ये असतं, हाताच्या क्रीममध्ये असतं, साच्यातून माल सुटावा म्हणून मारतात त्या फवाऱ्यातही असतं. तेव्हा जेलवर संशय घेणं चूक नव्हतं. चूक होती ती संशयालाच निकाल समजण्यात.

मला यातलं काही कळत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. पण पंचवीस वर्षं इतिहास शिकवून एक खोड लागलीय. कुणी काही सांगितलं की मी विचारतो, कधीपासून? भाचा म्हणाला, "झाले आठ-दहा दिवस." मी म्हटलं, चालानं काढ. ताईची वही आणि चालानं घेऊन आम्ही दोघं रात्री बसलो. कोणती पेटी कुठल्या दिवशी, सकाळी की दुपारी, गन कुणाच्या हातात. बाहेर लाऊडस्पीकरवर गरबा चाललाय आणि आत मामा-भाचे पेट्यांची वंशावळ काढताहेत! अकराच्या सुमारास एक गोष्ट समोर आली. सकाळी रंगवलेल्या पेट्या जवळजवळ सगळ्या चांगल्या. खराब झालेल्या बहुतेक दुपारी तीननंतरच्या. मुलगा मात्र सकाळी तोच, दुपारी तोच आणि डोकंही तेच.

भाचा लगेच वळला नाही. दुपारी कॉम्प्रेसर तापतो, तेल फेकत असेल, म्हणाला. हेही खरं असू शकतं. जुन्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेलाचे आणि पाण्याचे कण येतात, म्हणून टाकीतलं पाणी रोज सोडायचं आणि गनच्या आधी फिल्टर लावायचा असतो. याची परीक्षा सोपी आहे. रंग न घालता नुसती हवा मिनिटभर पांढऱ्या टिपकागदावर सोडायची. डाग पडला तर हवा खराब. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही ती करून बघितली. कागद कोरा.

मग पत्रा नीट पुसला जात नसेल? इथं मात्र काही उणिवा सापडल्या. पेट्यांचा पत्रा गंजू नये म्हणून गिरणीतूनच तेल लावून येतो. मोठ्या कारखान्यांत सात टाक्यांची रीत असते: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेटचा थर, परत धुणं आणि शेवटची टाकी. भाच्याकडं टाक्या कुठल्या? तो थिनरनं पुसतो. पण एकाच फडक्यानं दहा पेट्या पुसल्या तर तेल निघत नाही, ते फक्त पहिल्या पेटीवरून दहाव्या पेटीवर फिरतं. दोन फडकी हवीत. एकानं ओलं पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं उचलून घ्यायचं. आणि आधी पुसायचं, मग घासायचं. आधी पाणीपेपर मारला तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. घरात धुतलेली फडकी वापरत असाल तर कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध त्यांना लावू नका, त्याचाही थर फडक्यातून पत्र्यावर येतो.

हे सगळं दाजी मला समजावत होते तेव्हा ताई स्वयंपाकघरात दोसे घालत होती. पहिला दोसा तव्यावर पसरेचना, पीठ गोळा होऊन सरकायला लागलं. तिनं कांद्याची फोड घेतली, तवा खसखसून पुसला आणि म्हणाली, "तेल जास्त झालं. तुमच्या पेटीचं तरी वेगळं काय आहे? बंदा एण्णे, बिट्टा बण्ण." आलं तेल, सुटला रंग! माहेरचं कन्नड ती चिडली की बाहेर काढते. दाजी गेली तीस वर्षं त्याचा अर्थ मला विचारतात.

ताईच्या तव्यावरून भाच्याला पाण्याची परीक्षा आठवली. पुसलेल्या पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतायचं. पाणी एकसंध पडद्यासारखं राहिलं तर पत्रा स्वच्छ. तुटून थेंब थेंब झालं तर तेल आहे. आम्ही दोन पत्र्याचे तुकडे घेतले, दोन फडक्यांनी पुसले, पाणी ओतून खात्री केली आणि वाळवले. एक तुकडा डब्यात झाकून ठेवला. दुसरा बूथमध्ये, रंगवायच्या जागीच, दुपारी अडीचपासून साडेतीनपर्यंत नुसता उभा केला. मग दोन्ही एकाच डब्यातल्या रंगानं रंगवायचे. भाचा गन उचलायला गेला, मी म्हटलं, तू नको, त्यालाच दे. आणि डोक्याला फडकंबिडकं काही बांधू नको म्हणावं, आहे तसाच येऊ दे.

त्या मुलाला गन चालवताना बघणं ही एक मजा आहे. पत्र्यापासून एक वीत अंतर, गन सरळ, मनगट न वळवता सगळा हात बाजूला जातो. पट्टा सुरू व्हायच्या आधी हात हलतो, मग घोडा ओढला जातो. पट्टा संपला की घोडा आधी सुटतो, हात नंतर थांबतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला निम्मा झाकतो. गन फार लांब धरली किंवा रंग दाट राहिला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. फार जवळ धरली, हात रेंगाळला किंवा थिनर जास्त झालं की ओघळ येतात. रंग किती पातळ करायचा हे हा मुलगा डोळ्यांनी ओळखतो, तरी भाचा फोर्ड कप वापरायला लावतो. तळाला भोक असलेली एक छोटी वाटी, ती भरून रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. या रंगाला त्यांचा हिशेब अठरा ते बावीस सेकंदांचा. ही गनही मुळात रंगासाठी जन्मलेली नाही बरं का! अमेरिकेत डेव्हिलबिस नावाच्या घशाच्या डॉक्टरानं रोग्याच्या घशात औषध फवारायचं यंत्र केलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या मुलानं त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली.

असो. पाच मिनिटं आम्ही चौघं दोन तुकड्यांकडं बघत उभे होतो. डब्यातला तुकडा आरशासारखा. बूथमध्ये उभा केलेल्या तुकड्यावर एक, दोन, सात डोळे उघडले. रंगवणारा तोच, केस तेच. मुलगा काही बोलला नाही. गन खाली ठेवून पाणी प्यायला गेला.

तर मग त्या एका तासात हवेतून काय आलं? भाच्यानं मागची खिडकी उघडली आणि तोच कपाळाला हात लावून उभा राहिला. शेडच्या पाठीला पाठ लावून गाड्या धुण्याचं एक दुकान आहे. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तिथं रांग. दुपारपर्यंत धुणं, आणि तीननंतर मागच्या बाजूला सावलीत गाड्या घेऊन डॅशबोर्ड आणि टायर चमकवणं. तो चमकवण्याचा फवारा म्हणजे सिलिकॉनच! आमच्या बूथचा एक्झॉस्ट पंखा समोरच्या भिंतीतून हवा बाहेर फेकतो, आणि बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला तो मागच्या खिडकीतून हवा आत ओढतो. बूथ स्वच्छ राहावा म्हणून लावलेला पंखाच शेजाऱ्याची चमक आत आणत होता.

दुकानदार भला माणूस निघाला. ते काम तो पुढं रस्त्याच्या बाजूला न्यायला तयार झाला, आणि फवारण्याऐवजी फडक्यावर घेऊन पुसतो म्हणाला. भाच्यानं ती खिडकी बंद केली, हवा यायला दुसऱ्या भिंतीत वाट केली आणि तिला फिल्टरचं कापड लावलं. बूथच्या भिंती, रंगाची स्टँडं, गन, सगळं धुऊन काढलं. दोन दिवस गेले.

दरम्यान रंगाच्या दुकानात एक 'औषध' मिळतं असं कुणीतरी सांगून गेलं. रंगात चार थेंब घातले की माशाचे डोळे येतच नाहीत. हे खोटं नाही. पण ते औषध बहुधा सिलिकॉनच असतं! सगळ्याच रंगाचा ताण उतरवला की रंग डागाला बिचकत नाही, म्हणजे काट्यानं काटा. मात्र एकदा घातलं की वरच्या हातातही घालावं लागतं, आणि ते गनमध्ये, बूथमध्ये राहून दुसऱ्या कामाला बाधतं. परत आलेल्या बावीस पेट्यांपुरता भाच्याला मोह झाला होता. दाजींनी नको म्हटलं. त्या पेट्या रीतसर पुसून, खड्डे घासून, परत पुसून नव्यानं रंगवल्या.

बेळगावला परतल्यावर उद्यमबागेत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, सर, आमच्याकडं माशाच्या डोळ्यांपेक्षा पिनहोल जास्त. आपल्याकडं काम ओतीव लोखंडाचं. त्याच्या पोटात बारीक छिद्रं असतात, रंग तापला की त्यातली हवा फुगा करून बाहेर पडते आणि सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. ते आधी जॉब तापवून हवा काढून टाकतात, मग रंगवतात. आणि आपला पाऊस! जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकं पाणी असतं की रंगाचं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि चमकदार रंगावर दुधी छटा येते. त्यासाठी नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर असावं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन उचलूच नये. पावसाळ्यात घरचं गेट रंगवायला काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मी स्वतः एकदा श्रावणात काढलं होतं. त्या गेटकडं आजही बघवत नाही.

लोखंड आणि रंग यांचं नाव निघालं की मला आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकायला गेले आणि काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असं तिथं ध्यानात आलं. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले, १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केले. बडोद्याला कलाभवनाच्या घुमटाखाली उभा राहून मला सयाजीरावांपेक्षा तेच जास्त आठवत होते. हो, शेवटी कलाभवन बघून झालं. गरबा राहिला.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती मी भाच्याला सांगून आलो. हा मुलगा तोंडाला हातरुमाल बांधून फवारतो. रंगात हार्डनर मिसळणारी जी पीयू जात असते तिच्यात आयसोसायनेट असतात. ती फुप्फुसात गेली तर जन्माचा दमा लागू शकतो. रुमालानं धूळ अडेल, वाफ नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. पेटीवरच्या डोळ्यांसाठी खिडकी बंद करता, भिंत फोडता, मग याच्या छातीसाठी काय? भाचा म्हणाला, "दिवाळीचे पैसे आले की घेतो." मी म्हटलं, आधी घे. ताईनं वहीत लिहून घेतलं, आणि आमच्या ताईच्या वहीत लिहिलेलं होतं असा अनुभव आहे. पुढच्या महिन्यात तिचा फोन आला, मास्क आलाय म्हणून.

भाच्यानं त्या मुलाची माफी मागितली का, असं घरी बायकोनं विचारलं. शब्दांत नाही मागितली. 'सोमवारपासून येऊ नकोस' हे वाक्य मुलाच्या तोंडावर गेलंच नव्हतं, असं भाच्याचं म्हणणं. पण शेड केवढीशी! कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. मला हे पटलं नाही. तेही मी सांगितलं.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा होती. आपल्याकडची आयुधपूजा ताईनं तिकडंही चालू ठेवलीय. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ, गन पाटावर मांडलेली, फोर्ड कपाला हळदकुंकू. ताई पाटापाशी समई ठेवायला वाकली तेवढ्यात तो मुलगा पुढं आला. केस चापून बसवलेले, गरब्याचा झगझगीत केडियूसुद्धा अंगात. म्हणाला, "मासी, दीवो बहार मूकीए? अंदर थिनर छे." आणि मग भाच्याकडं बघून, हसू दाबत, "तेल पण छे ने, साहेब."

भाचा लाजला. समई त्यानं स्वतः उचलली आणि बाहेर उंबऱ्याच्या पलीकडं नेऊन ठेवली. आत आला, पाटावरची गन उचलून कुंकू लागल्या हातानंच त्या मुलाच्या हातात दिली. मुलानं ती खिशातल्या फडक्यानं पुसली. मग दुसरं फडकं काढलं, कोरडं, आणि परत पुसली.